पैसे झाडालाच लागतात

"पैसे काय झाडाला लागतात?" हा प्रश्न बाकी महाराष्ट्रातल्या आईबापांना बिनधास्त विचारता येतो. कोकणात पंचाईत होते. मी एकदा धाकट्याला विचारला, तर तो मागल्या दारच्या कलमाकडे हात करून म्हणाला, "आपले तर झाडाकच लागतत मा!" यावर काय बोलणार? हापूसची कलमं, काजू, थोडे माड, दोन रातांबे. आमच्या घरात येणारा निम्म्याहून अधिक पैसा खरोखरच झाडावरून उतरवलेला असतो. उरलेला माझ्या दुकानातून येतो.

दुकान म्हणजे स्टेशनरी आणि जनरल. सिंधुदुर्गातल्या आचऱ्यात, पोरांच्या शाळेच्या वाटेवर. वह्या, पेनं, कंपासपेट्या हे दर्शनी भागात, आणि पोरांची नजर जिथे आधी जाते त्या उंचीवर बाकीचा माल: वासाची खोडरबरं, लाईट लागणारी पेन्सिल, आत खेळणं असलेली पाच रुपयांची पाकिटं, स्टिकर, चिकट हात जो भिंतीवर फेकला की चिकटतो. हा दुसरा माल नसता तर वह्यांवर दुकानाचं लाईटबिल निघालं नसतं. त्यामुळे मुलांना गरज आणि हौस यातला फरक शिकवण्यावर मी लिहावं हे जरा विनोदीच आहे. पण एक फायदा आहे. दिवसभर मी काउंटरच्या अशा बाजूला बसते, जिथून पोरं पैसे कसे खर्च करतात ते आईबापांपेक्षा जास्त दिसतं.

थोरली तिसरीत असताना घरी एक तक्ता घेऊन आली होती. दोन रकाने: गरजा आणि चैनी. अन्न, वस्त्र, निवारा डावीकडे. चॉकलेट, टीव्ही, खेळणी उजवीकडे. तिने तो पाच मिनिटांत भरला, सगळं बरोबर आलं, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन चकाकत्या शाईचं पेन मागितलं. "पेन गरजेत येतं ना, आई?" रकान्याप्रमाणे बघितलं तर तिचं काहीच चुकलेलं नव्हतं.

दुकानात हे रोज घडतं. हौस कधी एकटी येत नाही, गरजेच्या पाठुंगळी बसून येते. छत्री ही गरज, पण दांड्याला शिट्टी असलेली छत्री. दप्तर ही गरज, पण मागे कार्टून असलेलं, पुढे चाकं असलेलं दप्तर. ज्यांनी हा माल बनवलाय त्यांना ही गंमत आपल्यापेक्षा चांगली कळते. साधी कंपासपेटी माझ्याकडे सत्तर रुपयांना आहे आणि बटण दाबल्यावर चार बाजूंनी उघडणारी एकशे नव्वदला. दोन्हीत कर्कटक तेच, कोनमापक तोच. मधले एकशे वीस रुपये निव्वळ बटणांचे.

म्हणून आमच्या घरात वस्तूचे दोन भाग करतो. साध्या वस्तूचा भाव घर देणार, वरचा फरक ज्याचा त्याने द्यायचा. "नाही" म्हणायचंच नाही. "घे की, वरचे एकशे वीस तुझे." हे ऐकल्यावर पोराच्या चेहऱ्यावर जो हिशोब सुरू होतो तो बघण्यासारखा असतो. पाचापैकी चार वेळा साधी पेटी जाते. पाचव्या वेळी बटणांची जाते, आणि ती पेटी वर्षभर जपली जाते, कारण तिची बटणं स्वतःच्या पैशांची असतात.

स्वतःचे पैसे कुठून, तर काजूतून. आमच्या परड्यात दोन काजू आहेत. त्यांच्याखाली पडलेल्या बिया पोरांच्या, असा सासूबाईंनी घातलेला नियम आहे. त्यांच्या लहानपणीही तसाच होता म्हणे. मार्चपासून सकाळी शाळेआधी दोघं बादली घेऊन जातात, बोंडू पिळून बी वेगळी करतात, कपड्यांवर कधी न जाणारे डाग पाडून घेतात, आणि बिया अंगणात सुकवतात. बी ओली असली की व्यापारी भाव पाडतो, हे धाकट्याला पहिल्याच वर्षी कळलं. वाळली की पिशवी घेऊन बाजारात. किलोला शंभर-सव्वाशे, कधी त्याहून बरा. व्यापारी नोटा मोजून त्यांच्या हातात देतो, माझ्या नाही.

यातून एक गोष्ट आपोआप घडली. थोरली सगळ्या वस्तूंची किंमत काजूत करायला लागली. "ह्यां पेन म्हणजे पाव किलो." "तो स्कर्ट चार किलो, नको." एका किलोला किती वाकावं लागतं ते तिच्या कमरेला ठाऊक आहे, त्यामुळे रुपयांच्या आकड्यापेक्षा हा आकडा तिला खरा वाटतो. मुंबईहून आलेल्या तिच्या चुलतबहिणीने मॉलमधल्या बुटांची किंमत सांगितली तेव्हा ही क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "बापरे, अख्खा हंगाम." ती बिचारी बघतच राहिली.

याच्या उलट टोकाला फोन घेऊन येणारी पोरं. दहाची नोट घेऊन आलेलं पोर काउंटरशी बराच वेळ उभं असतं. ह्याची किंमत विचारतं, त्याची विचारतं, एक उचलून परत ठेवतं, मित्राशी खलबत करतं, सुटे किती परत येतील ते बोटांवर मोजतं. माझा वेळ जातो, पण त्या पोराचं शिक्षण चालू असतं. बापाचा फोन घेऊन आलेलं पोर किंमत विचारतच नाही. कोडवर फोन धरतं, डबा बोलतो "चाळीस रुपये प्राप्त झाले", आणि ते पळतं. पैसा त्याच्या हातातून गेलेलाच नसतो. एका बाईचा आवाज आला इतकंच. मी दुकानदार म्हणून या डब्यावर खूश आहे, आई म्हणून नाही. आमच्याकडे दोघांनाही रोखच मिळते, मळकट नोटांत.

थोरलीचं खातं मात्र काढलंय, पोस्टात. दहा वर्षं पूर्ण झाली की मुलाला स्वतःच्या सहीने तिथे बचत खातं चालवता येतं, पाचशे रुपयांपासून सुरू होतं. रिझर्व्ह बँकेनेही एप्रिल २०२५ मध्ये बँकांना दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतंत्रपणे खातं उघडू आणि वापरू द्यायची मुभा दिली; मर्यादा किती ठेवायची ते प्रत्येक बँकेने ठरवायचं. पासबुकात काजूच्या पैशांची ओळ उमटली तेव्हा तिने ते शेजारच्या दोन घरांत नेऊन दाखवलं.

आता फरकाच्या नियमाला पहिला धक्का कोणी दिला ते सांगते. थोरलीनेच. जूनमध्ये छत्र्या घ्यायच्या होत्या. मी म्हटलं साधी छत्री दोनशे, तेवढे घराचे. तिने मागल्या वर्षीची साधी छत्री आणून माझ्यासमोर ठेवली: काड्या उलट्या, कापड काडीपासून सुटलेलं. त्याच्याही आधीच्या वर्षीची वळचणीला टांगलेली होती, तीही आणली. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि समुद्राकडून येणारा वारा छत्रीला वरून नाही, खालून धरतो. दोनशेची छत्री आषाढ काही बघत नाही. मग दुसरी घ्यावी लागते. "म्हणजे गरज चारशेची झाली," असं तिचं म्हणणं. जाड काड्यांची चारशेवाली घराच्या पैशांतून आली. साधी वस्तू म्हणजे सगळ्यात स्वस्त वस्तू नव्हे, ही दुरुस्ती नियमाला तेव्हापासून लागली.

आपल्याकडे गरज ही बहुतेक वेळा आजची नसते, हीसुद्धा शिकवायची गोष्ट आहे आणि ती तक्त्यात बसत नाही. मे महिन्यात पोटभर आंबे खाल्लेल्या पोराला सुक्या बांगड्याची गरज कशी वाटणार? पण १ जूनपासून ट्रॉलर आणि यांत्रिक होड्या बंद होतात, मग पाऊस जोर धरतो, वीज जाते, भाजीचा टेम्पो येईल तर येईल. त्याआधी घरात काय काय असायला हवं याची यादी सासूबाईंच्या डोक्यात तयार असते: सुके बांगडे, गोलमा, सोडे, आमसुलं, मसाला, कुळीथ, मीठ, पडवीत रचलेली लाकडं, छपराला प्लास्टिक. ही यादी गेली काही वर्षं पोरांकडून लिहून घेते आणि बाजारातही त्यांनाच नेते. आंब्याचे पैसे हातात असतात तेव्हाच हे सगळं घ्यायचं असतं, आणि नेमकं त्याच दिवसांत पोरांचं "माका तां व्हया" जोरात असतं. हौस समोर उभी राहून हाका मारते. जुलैतली गरज मे महिन्यात तोंड उघडत नाही, तिच्या वतीने कोणीतरी बोलावं लागतं. आमच्याकडे सासूबाई बोलतात, आणि जोरात बोलतात.

गंमत अशी की गरज आणि हौसेची आमच्या गावात अधूनमधून सार्वजनिक परीक्षाच होते. आचऱ्याची गावपळण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: दर तीन-चार वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल, म्हणजे देवाचा होकार, झाला की अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतं. सगळे, सगळ्या धर्मांचे, गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट. घरं रिकामी, बाजार बंद, माझं दुकानही बंद. वेशीपलीकडे माळावर, खाडीकाठी झावळ्यांच्या आणि ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहतात. मग तीन रात्री माणसाला काय लागतं? ते न्यायचं.

गेल्या गावपळणीला मी पोरांना एकेक पिशवी दिली आणि म्हटलं, यात मावेल ते तुमचं. सामान तुम्हीच भरायचं, तुम्हीच उचलायचं. थोरलीने आदर्श पिशवी भरली: चादर, स्वेटर, टॉर्च, ताटवाटी, ब्रश. धाकट्याने बॅट घातली. बॅट घातल्यावर पिशवीत जागाच राहिली नाही, म्हणून स्वेटर बाहेर काढला. मी काही बोलले नाही, पण डिसेंबरातली थंडी खाडीकाठी कशी असते ते मला माहीत होतं, त्याला नव्हतं.

सासूबाईंनी सगळ्यात आधी तंबाखूच्या मिसरीची डबी कनवटीला लावली. थोरली तक्त्यावर वाढलेली पोर, तिने लगेच पकडलं. "आजी, मिसरी खंय गरज आसा?" सासूबाईंनी तिच्याकडे न बघताच उत्तर दिलं, "मिसरी नाय तर माझी सकाळ होवची नाय." पुढे यावर दोघींचा वाद वेशीपर्यंत चालला. डॉक्टरांनी सोडायला सांगितलेली वस्तू गरज कशी असेल, हा थोरलीचा मुद्दा. सत्तर वर्षांच्या सवयीला हौस म्हणशील तर तुझ्या बाबांच्या चहालाही म्हण, हा आजीचा. मी दोघींच्याही बाजूने नव्हते, पण एक लक्षात आलं. मोठ्यांच्या वस्तूंना हा प्रश्न विचारायला सुरुवात केल्यावर पोरीला त्यात रस वाटायला लागला. तोवर तो तिच्यावर लादलेला अभ्यास होता.

तिथे पोचल्यावर पहिल्या रात्री धाकटा गारठला आणि ताईच्या चादरीत घुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र शेजारच्या झोपड्यांतली पोरं बॅटीच्या वासाने आली. एकच बॅट, पंधरा पोरं, झावळीचे स्टंप. दोन दिवस तो त्या माळावरचा सावकार होता, कोणाला पहिली बॅटिंग ते तो ठरवायचा. रात्री एका काकूने त्याला त्यांच्या मुलाचा जादा स्वेटर दिला. आता यातून पोरं नक्की काय शिकली म्हणाल, तर थोरली म्हणते पुढच्या वेळी पत्ते नेणार, आणि धाकटा म्हणतो पिशवी मोठी नेणार. तीन दिवस टीव्हीवाचून गेले, फ्रीजवाचून गेले, माझ्या दुकानातल्या एकाही वस्तूवाचून कोणाचं अडलं नाही. पण मिसरी, भजनाचा मृदंग, पत्ते आणि ती बॅट नसती तर तीन रात्री काढणं सगळ्यांना जड गेलं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. निव्वळ गरजांवर माणूस तगतो. रमत नाही.

गणपतीत दीर मुंबईहून आले की आम्हाला शहाणपणाचे व्हिडिओ दाखवतात. त्यातला एक होता गोळीवाल्या पोरांचा. स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या सुरुवातीला केलेला प्रयोग: लहान मुलासमोर मार्शमेलो, म्हणजे एक मऊ गोड गोळी, ठेवायचा, आणि सांगायचं, मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. जी पोरं थांबली ती पुढे आयुष्यात बरी निघाली, असं व्हिडिओतला माणूस सांगत होता. दिरांनी धाकट्याकडे बघून मान हलवली. धाकटा तोवर पंचखाद्याच्या डब्यापाशी होता.

मी नंतर त्यावर आणखी वाचलं. २०१८ मध्ये बऱ्याच मोठ्या संख्येने मुलं घेऊन ते पुन्हा तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशोबात धरल्यावर तो संबंध बराच फिका पडला. पण मला लागलं ते दुसरंच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास. त्यांनी मार्शमेलोआधी मुलांना चित्राचं साहित्य आणून देतो असं सांगितलं. काही मुलांना खरंच आणून दिलं. काहींना "अरे, संपलं वाटतं" म्हणून हात हलवत परत आले. मग मार्शमेलोचा प्रयोग केला. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीन मिनिटं.

हे वाचून मला आमच्याकडची वाक्यं आठवली. "पट्टी आली की बघू." कोकणातल्या प्रत्येक पोराने हे ऐकलेलं असतं. आंब्याच्या पेट्या वाशीला जातात, विकल्या गेल्या की दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, येते, मग पैसे. पोराला वाटतं पट्टी आली म्हणजे सायकल आली. आणि पट्टी येते तेव्हा त्या पैशांना आधीच धनी असतात: फवारणीच्या औषधांची उधारी, राखणदाराचा पगार, पेट्यांचे खोके, गेल्या वर्षी छपरावर काढलेलं कर्ज. पोराला यातलं काही दिसत नाही. त्याला इतकंच दिसतं की पट्टी आली, बाबा हसले, आणि सायकल आली नाही. पुढच्या वर्षी तो का थांबेल? हातात दहा रुपये आले की ते त्याच दिवशी माझ्या काउंटरवर येणार. दुकानात ज्या पोरांच्या खिशात पैसा क्षणभर टिकत नाही त्यातली बरीच मला अशी वाटतात: हावरट नाहीत, शब्दावर विश्वास उरलेला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे पट्टी जेवणाच्या वेळी वाचली जाते. थोरली वाचते. इतक्या पेट्या, हा भाव, त्यातून भाडं गेलं, हमाली गेली, हातात इतके. मग घरची उधारीची वही काढायची आणि एकेक नाव वजा करायचं. पहिल्यांदा हे केलं तेव्हा वरचा आकडा ऐकून धाकटा उठून उभाच राहिला होता, आणि खालचा ऐकून हळूच बसला. आमच्या ह्यांना आधी ते आवडलं नव्हतं. पोरांपुढे कर्ज कशाला काढायचं, असं त्यांचं म्हणणं. ते अजूनही पूर्ण पटलेले नाहीत, वहीतली दोन नावं ते पोरांसमोर वाचू देत नाहीत. असू दे.

आणि "बघू" हा शब्द बंद केला. एकतर तारीख सांगायची, नाहीतर सरळ नाही म्हणायचं. मोहोर करपला, अवकाळी पाऊस झाला, फुलकिडींनी खाल्लं, तर तसं सांगून तारीख पुढे न्यायची, पण गुपचूप विसरायची नाही. नाही ऐकलेलं पोर तासभर फुगतं. "बघू" ऐकलेलं पोर वर्षभर विचारत राहतं, आणि मग एक दिवस विचारणं सोडतं. ते जास्त वाईट.

आता हौसेबद्दल. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा आमच्यापासून लांब नाही. तिची तारीख पंचांगात नसते, देवीच्या कौलाने ठरते, त्यामुळे कधी कळेल ते सांगता येत नाही आणि कळलं की घरात एकच गडबड. जत्रेचे पैसे आमच्याकडे वेगळे. त्यावर फरकाचा नियम नाही, काजूचा हिशोब नाही, घरी आल्यावर "काय आणलंस" असा चौकशीचा सूर नाही. धाकट्याने एका वर्षी सगळे पैसे आकाशपाळण्यात आणि पाण्यात फिरणाऱ्या बोटीत घातले. बोट घरी येईस्तोवर मोडली. ताई खाज्याची पुडी आणि कानातलं घेऊन आली आणि वर वीस रुपये राखले. घरी तिला वाटलं कौतुक होईल. मी मुद्दाम केलं नाही. जत्रेचे पैसे वाचवणं यात कौतुक करण्यासारखं काय आहे? वर्षातून एक दिवस मन मोकळं करून उधळायला यायला पाहिजे, नाहीतर पुढे लग्नात, घर बांधताना, गणपतीत ती राहिलेली हौस एकदम उसळते आणि व्याजाने पैसे काढायला लावते. अशी मोठी माणसं आमच्या वाडीत आहेत. गणपतीच्या दहा दिवसांसाठी चाकरमान्यांच्या बरोबरीने रोषणाई करायची म्हणून सोसायटीच्या कर्जाचे हप्ते चुकवतात आणि नंतर पोराला दहा रुपयांच्या पाकिटावरून बदडतात. हौसेला मोल नाही असं म्हणतात खरं. मोल असतं, मीच चिकटवते त्यावर कागद.

सध्या घरात सायकलीचा खटला चालू आहे. थोरलीला आता क्लाससाठी वरच्या वाडीत जावं लागतं, सायकल हवी हे सगळ्यांना मान्य आहे. साधी सायकल घर देणार. तिला गिअरची हवी. मधला फरक बत्तीसशे रुपये, म्हणजे तिच्या हिशोबाने सत्तावीस-अठ्ठावीस किलो काजू. दोन झाडांखाली दोन हंगाम वाकलं तरी इतके होणार नाहीत, कारण निम्म्या बिया धाकट्याच्या. तिचं म्हणणं गिअर ही हौस नाहीच. "ती घाटी गियरशिवाय चढूक जमणा नाय." बाबांचं म्हणणं, "आमच्या येळार खंय होते गियर?" आजीने यात उडी घेतली आणि सांगितलं की आमच्या वेळेला सायकलही नव्हती आणि क्लासही नव्हता, म्हणजे दोन्ही हौसच. त्यावर थोरलीने मिसरीचा विषय काढला आणि खटला भलतीकडेच गेला.

शेवटी मी दुकान दुपारी बंद करून शेजारच्यांची साधी सायकल मागून घेतली आणि घाटी चढायला गेले. पहिलं वळण बसून काढलं. दुसऱ्या वळणाला उतरले. तिथून वरपर्यंत हातात धरून ढकलत नेली, आणि वर पोचल्यावर एका ओळखीच्या रिक्षावाल्याने थांबून विचारलं, "वहिनी, पंक्चर झाली काय?" मी हो म्हटलं.

घरी येऊन निकाल दिला: दुसऱ्या वळणापासून वरचे गिअर गरजेत धरायचे, खालचे हौसेत. फरकातले सोळाशे घराचे, सोळाशे तिचे. ती म्हणते पहिल्या वळणावरही आई धापा टाकत होती, धाकट्याने बघितलंय. धाकट्याला साक्ष द्यायचे दहा रुपये हवे आहेत.